नऊ वाजून दहा मिनिटांचा डाव

१

अकरा वाजून चार मिनिटांनी बिरू पहिल्याच चढाईला बाद झाला, आणि तो बाद होणार हे कुणीतरी नऊ वाजून दहा मिनिटांनीच लिहून ठेवलं होतं.

प्राचार्यांच्या टेबलावर पोरांच्या पैजांचा ग्रुप चालवणाऱ्या हरिओमचा जप्त केलेला मोबाईल पडला होता. साधना मॅडमनी तो उचलला, वाचला, चष्मा पुसून परत वाचला. 'पहिली रेड. बिरू. कुणाला हात न लावता देवळाकडच्या रेघेबाहेर. पाच हजार.' खाली हरिओमनं अंगठा दाखवून सौदा पक्का केलेला. एकास दहा.

"घ्या," प्राचार्य म्हणाले, "तुमचा हिरा."

वडीगोद्रीच्या पुढं हायवेला लागून असलेल्या ह्या कॉलेजात पोरं खेळवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती. पोरांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली, एका बहाद्दरानं जिंकलेली ढाल भंगारात विकलेली पाहिली. पण आपल्याच पोरानं आपल्याच मैदानावर ठरवून बाद व्हायचं? छे! असलं काही त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आणि झालं मात्र अगदी लिहिल्यासारखंच. विभागीय कबड्डीचा उपांत्य सामना, सगळं गाव लोटलेलं. बिरू पहिल्या चढाईला सुटला तो थेट बिरोबाच्या देवळाकडच्या अंगाला, आणि कुणाला स्पर्श होण्याआधीच त्याचा पाय बाजूच्या पट्टीत पडला. कबड्डीत ही कडेची पट्टी चढाईवाल्याला गड्याला हात लागेपर्यंत परकी असते. पंचांनी शिट्टी मारली. पुढं बिरू बावचळला, संघ बावचळला, आणि सामना तीन गुणांनी गेला.

"चार वाजता समिती बसतीय," प्राचार्य म्हणाले. "विद्यापीठाच्या संघातून त्याचं नाव काढायचं पत्र टाइप झालंय. कॉलेजातूनही नाव कमी होईल."

"सर, एकदा त्याला विचारू तर द्या!"

"विचारा की. साडेबारा झाल्यात. साडेतीन तास आहेत तुमच्याकडं."

२

बिरू पाण्याच्या टाकीमागं गुडघ्यात डोकं घालून बसला होता. थोड्या अंतरावर त्याची आई आशाबाई. बिचारी लेकाचा खेळ बघायला जन्मात पहिल्यांदा आलेली. मेंढरं शेजारणीच्या हवाली करून, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिच्याजवळ मुलींच्या संघाची कर्णधार प्रियदर्शनी बसली होती. आठ दिवसांचं विद्यापीठाचं शिबिर उरकून पोरगी कालच सांजच्या गाडीनं परतली होती. आशाबाईंसाठी तिनं कुठून तरी चहा आणला होता, आणि तो तसाच गार होत होता. मॅडमना तेवढ्यातही बरं वाटलं. चला, एकीला तरी माणुसकी आहे.

"मॅडमबाई, माझ्या लेकरानं काय केलं?" आशाबाईंनी विचारलं. "समदे लोकं चोर, चोर म्हनून राह्यले."

"बघते मावशी. थांबा जरा." मॅडम म्हणाल्या.

त्या बिरूसमोर उकिडव्या बसल्या. "खरं सांग. कुणाकडून काही घेतलंस?"

"आईच्यान न्हाई मॅडम."

"मग पाय बाहेर कसा गेला?"

"मी आत व्हतो."

"अरे, व्हिडिओत दिसतोय बाहेर!"

"दिसत असंल. पन मी आत व्हतो." त्यानं डोळे पुसले. "तुमाला म्हाईत हाय, पहिली रेड मी बिरोबाच्या अंगाला मारतो. तीन वर्सं झाले, एकबी चुकली न्हाई. रेघंच्या वीतभर आत पाय टाकायचा आन् तिथून पलटायचं."

"आणि खाली बघायचं नाही?"

"खाली बघितलं की कोपऱ्यातला गडी धरतोय. पायाला म्हाईत असतंय मॅडम. घरातली लाईट गेल्यावर तुमी बराबर रांजणापाशी जाता का न्हाई? तसं."

मॅडम उठल्या. कर्णधार वसंता टाकीशी उभा होता. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "मॅडम, त्याचं काय ऐकून राह्यले? त्यानं आमाला विकलं. बिलकुल विकलं."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या क्रीडाविभागाच्या खोलीत गेल्या आणि मोजपट्टी घेऊन भर उन्हात मैदानावर आल्या.

मुलांचं मैदान दहा मीटर रुंद. त्यात दोन्ही कडेची पट्टी एकेक मीटर. पलीकडची पट्टी भरली बरोबर एक मीटर. मग त्यांनी देवळाकडच्या पट्टीला टेप लावला.

पट्टी फूटभर जास्त होती.

३

त्यांनी गुडघे टेकून हातानं माती सारली. वरचा ओलवून दाबलेला थर निघाला आणि खाली फक्कीचे पांढरे कण दिसले. खरी रेघ तिथं होती. कुणीतरी ती झाडून, पाणी मारून, माती दाबून बुजवली होती, आणि फूटभर आत दुसरी आखली होती.

म्हणजे बिरू खरं बोलत होता! त्याचा पाय रोजच्या जागीच पडला होता. रेघच चालत आत आली होती.

"अगं आई गं!" मॅडम एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांनी रामकिसनमामांना हाक मारली. मामा म्हणजे मैदानाचा शिपाई. कॉलेजात पहिली वीट बसली तेव्हापासून आखणी त्यांची. ते आले, बघितलं, आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"काल सांजच्याला म्याच आखलं मॅडम. बराबर आखल्तं."

"पंचांनी टेप लावला नाही?"

"म्हनले, मामाच्या दोरीला टेप कशाला लावायचा?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. परगावचा संघ मैदानाला नवा. ती पोरं दर पावलाला खाली बघून खेळली. रेघ जिथं होती तिथं त्यांना दिसली. आपली पोरं मात्र घरच्या मैदानावर डोळे झाकून पळाली. ज्यानं हे केलं, त्याला बिरूची पहिली चढाई माहीत होती, त्याची वीतभर जागाही माहीत होती. हे काम बाहेरच्या माणसाचं नव्हे.

खोटी रेघ जिथं सुरू होत होती, तिथं खुंटी ठोकून काढल्याचं भोक होतं आणि भोकावर चिमूटभर हळदकुंकू. रेघेच्या दुसऱ्या टोकालाही तसंच. मामांची ही जुनी रीत. हळदकुंकू वाहिल्याशिवाय भुईत खुंटी ठोकायची नाही. पोरं हसायची, मामा म्हणायचे, हसा लेकाहो, पाय मोडल्यावर रडाल.

"मामा," मॅडमनी विचारलं, "हे तुमचं आहे का?"

मामांनी वाकून बघितलं. मग चारी कोपऱ्यांकडं बोट केलं. तिथल्या भोकांवर माती होती, दुसरं काही नव्हतं.

"माझं कसं असंल मॅडम?" मामा म्हणाले. "मला सुतक हाय न्हवं!"

४

मॅडमनी जीभ चावली. सोमवारी मामांचा थोरला भाऊ गेला होता. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, जांब समर्थजवळच्या आपल्या गावी येऊन वारला. बुधवारी मॅडमच टेंपो करून संघातल्या बाराही पोरांना मामांच्या भेटीला घेऊन गेल्या होत्या. स्पर्धा तोंडावर म्हणून मामा दहावा व्हायच्या आतच कामावर आले, पण देवाधर्माला हात लावला नाही. काल त्यांनी खुंट्या तशाच ठोकल्या होत्या.

म्हणजे ज्यानं रेघ सरकवली, त्याला मामांची रीत ठाऊक होती, आणि मामांचं सुतक ठाऊक नव्हतं. मामांचंच काम वाटावं म्हणून त्यानं हळदकुंकू वाहिलं, आणि तिथंच तो फसला.

पण कोण? आधी हरिओमला बघू.

हरिओम तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षं राखीव खेळाडू, सातात कधी आला नाही. प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून तो नखं खात होता.

"मी कुनाला बळजबरी केली न्हाई मॅडम. लोकं आपल्या मर्जीनं लावतेत."

"पाच हजार कुणी लावले?"

"नवा नंबर व्हता. आधीच पैशे टाकले. मंग कोन हाय ते मी कामून विचारू? गिऱ्हाईक हाय."

मॅडमनी आतून त्याचा मोबाईल आणला, त्याच्याकडून उघडवला आणि तो ग्रुप वाचायला घेतला. दोनशे तेरा नावं! त्यातली निम्मी त्यांच्या हाताखालची. ज्यांना त्यांनी धावायला शिकवलं, ज्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, ती पोरं. आणि लावायचं तरी कशावर? नाणेफेकीवर. पहिल्या पकडीवर. पंच पोटावर पट्टा किती वेळा सावरतील ह्याच्यावर. आणखी खाली 'साधना मॅडम पहिल्या तासाला शिट्टी किती वेळा मारणार' ह्याच्यावर. त्याला एकेचाळीस जणांनी पैसे लावले होते.

"माझ्या शिट्टीवर?" त्यांना हसावं की रडावं कळेना. "अरे, मी तुम्हाला ऊन लागू नये म्हणून शिट्टी मारून सावलीत बोलवायची, आणि तुम्ही मोजत होता?"

"तुमच्यावर लई जन हरले मॅडम," हरिओम खाली मान घालून म्हणाला. "तुमचा अंदाजच लागत न्हाई."

मॅडमनी सोमवारपर्यंत ग्रुप वर ढकलला. मग परत खाली आणला. शेकडो निरोप होते. मामांच्या भावाबद्दलचा एकही नव्हता.

"मामांच्या घरचं एकानंही टाकलं नाही?"

"तिथं फकस्त खेळाचं टाकायचं मॅडम. रूल हाय."

काय म्हणावं ह्या पोरांना! दोनशे तेरा जण रात्रंदिवस एकमेकांशी बोलत होते, आणि एका म्हाताऱ्याचा भाऊ मेला हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

मग त्या थबकल्या. ज्यांना कळलं होतं, ते सगळे बुधवारच्या टेंपोत होते. बिरू होता, वसंता होता, हरिओम होता, बाराच्या बारा होते. ज्याला कळलं नाही, तो त्या टेंपोत नव्हता. मामा सांजच्याला आखायला बसत तेव्हा खेळणाऱ्यांखेरीज मैदान रिकामं असे. ही रीत जवळून पाहिलेली खेळणारीच मंडळी. फक्की, खुंट्या आणि हळदकुंकवाची डबी क्रीडाविभागाच्या खोलीत, कुलपात. किल्ल्या तीन. एक मॅडमच्या पर्समध्ये, एक मामांच्या करगोट्याला.

तिसरी किल्ली मॅडमनीच एकीला दिली होती. पहाटे धावायला येते, सामान काढावं लागतं, आणि आपल्या पोरीवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर, म्हणून.



५

प्रियदर्शनी अजून आशाबाईंपाशीच बसली होती. मॅडमनी तिला क्रीडाविभागाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. तीन वाजून गेले होते.

"आज पहाटे धावायला आलीस ना गं?"

"आल्ते मॅडम."

"मैदान आखलेलं होतं?"

"हो की. मामानं कालच आखल्तं."

"हळदकुंकू वाहिलं होतं का त्यांनी? समितीत रामकिसनमामांवर शंका येतीय, म्हणून विचारते." हे खोटं बोलताना मॅडमनाच कसंसं झालं.

"वाहिल्तं मॅडम," पोरगी चटकन म्हणाली. "समद्या खुंट्यांवर व्हतं. मामा कधी चुकतेत का?"

"समद्या नाही, प्रिया. एकाच रेघेच्या दोन खुंट्यांवर आहे. आणि मामा ह्या वेळी चुकले. त्यांचा भाऊ सोमवारी गेला. सुतकात कोण हळदकुंकवाला हात लावतो?"

"कवा? मला... मला कुनी सांगितलंच न्हाई."

"हो. नाही सांगितलं कुणी."

ती हळूहळू खाली बसली, भिंतीला टेकून, पाय पसरून. सामना हरल्यावर बसायची तशी. मॅडमना वाटत होतं, हिनं आता ओरडावं, मॅडम, काहीतरीच काय, म्हणावं, आपल्यावर उलटावं. पण तिनं तसलं काही केलं नाही.

"कधीपासून लावतेस पैसे?" मॅडमनी विचारलं.

"दीड वर्स. आधी वीस रुपये लावले, दोनशे आले. लई भारी वाटलं मॅडम. मंग जायाला लागले. शिबिरात जेवायच्या सुट्टीतबी मी तेच करून राह्यले व्हते. गावानं सत्कारात पाच हजार दिल्ते, तेवढेच उरले व्हते."

"आणि थांबावंसं नाही वाटलं? एकदासुद्धा?"

"हरल्यावर उठून जायचं असतंय हे मला म्हाईतच न्हाई." तिनं वर बघितलं. "तुमीच शिकवलं न्हवं, हरून राह्यलं तरी मैदान सोडायचं न्हाई. मी न्हाई सोडलं."

मॅडमना कुणी फाडकन थोबाडीत मारावी तसं झालं. पोरींना त्या रोज हेच ओरडून सांगत. ह्याच वाक्यावर त्यांनी संघ उभे केले होते. पोरीनं ते गाठीला बांधलं आणि कुठं नेऊन वापरलं!

"बिरूचा विचार नाही आला?"

"एक रेड बाद झाला तर काय व्हतंय, असं वाटलं. पाच मिनिटांनी परत आत येतोय. संघ हरल, त्याला चोर म्हनतील, असं न्हाई वाटलं मॅडम, आईशप्पथ न्हाई वाटलं." ती आता रडायला लागली. "मी सांगायलाच बसले व्हते मावशीपाशी. दोन घंटे झाले. तोंडच उघडंना."

"आणि ते हळदकुंकू?"

"मामाचंच काम वाटावं म्हून वाहिलं. आन् खरं सांगू? तशीच खुंटी ठोकायला हात धजंना. भीती वाटली."

खोटं काम करायला देवाची भीती वाटली नाही, खुंटी ठोकायला वाटली! मॅडमना संताप आला, आणि तरीही त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. काय करणार? पोटची नसली तरी घडवलेली होती.

"उठ," त्या म्हणाल्या. "चार वाजत आले. तू सांगतेस का मी सांगू?"

६

समितीपुढं प्रियदर्शनीनंच सांगितलं. उभ्यानं, एकदाही न अडखळता. प्राचार्य ऐकता ऐकता खुर्चीत मागं सरकत गेले. मुलांमधून कुणी असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं बहुधा; पण ह्या पोरीचा फोटो त्यांनी कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापला होता. विद्यापीठाच्या संघातून तिचं नाव जाणार होतं, ते टळण्यासारखं नव्हतं. कॉलेजातून काढू नका, हा नाद आहे, मी हिला जालन्याला डॉक्टरांकडं घेऊन जाते, असं मॅडम हात जोडून म्हणाल्या. प्राचार्यांनी होकाराची मान हलवली.

मग त्यांनी बिरूला आत बोलावलं आणि त्याच्यादेखत ते टाइप केलेलं पत्र फाडलं. दारात आशाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"सुटला न्हवं माझा लेक?"

"सुटला मावशी. त्यानं काहीच केलं नव्हतं."

आशाबाईंनी तिथूनच बिरोबाच्या दिशेला हात जोडले. सगळ्यांना जरा श्वास घेता आला, आणि तेवढ्यात टेबलावरचा हरिओमचा मोबाईल थरथरला. परत थरथरला. मग थांबेचना.

मॅडमनी तो उचलला. ग्रुपवर मघाशी कुणीतरी नवा डाव टाकला होता. 'चार वाजताची समिती. बिरू राहणार का जाणार?' निकाल आता लागेल म्हणून पोरांनी एकच गर्दी केली होती.

त्यांनी तो मोबाईल लपवायला हवा होता. नंतर त्यांनी स्वतःला त्यासाठी कितीदा तरी बोल लावला. पण त्या इतक्या सुन्न झाल्या होत्या की बिरूनं हात पुढं केला आणि त्यांनी तो देऊन टाकला.

बिरू वाचत राहिला. बोटानं नावं वर सरकवत, एकेक, सावकाश. सातातली बाकीची सहाच्या सहा पोरं त्यात होती. प्रत्येकानं 'जाणार'वर लावलं होतं.

"मॅडम, विद्यापीठाला मी खेळायला जातो," तो मोबाईल टेबलावर ठेवत म्हणाला. "इथल्या साखळीत आता माझा हात घालनार न्हाई."

तो आईला घेऊन बाहेर पडला. मॅडम मागोमाग फाटकापर्यंत गेल्या. तिथं सहाही जण उभे होते, निर्दोष सुटल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. वसंता पुढं झाला आणि त्यानं हात पुढं केला. तीन वर्षं ह्याच दोघांची कोपऱ्यातली जोडी. एकानं दुसऱ्याचं मनगट धरून साखळी केली की मोठमोठे गडी अडकून पडायचे.

बिरूनं त्या हाताकडं बघितलं.

"किती लावले व्हते रे?"

वसंतानं मान खाली घातली. "पन्नास."

"पन्नास हजार?"

"रुपये."

बिरू त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. सकाळपासून एवढं काय काय झालं, सगळ्या गावानं चोर म्हटलं, तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता. आशाबाई विचारत होत्या, कशाचे रं पन्नास, काय म्हनून राह्यला तो. त्यानं आईचं मनगट घट्ट धरलं आणि हायवे ओलांडून तो टेंपोच्या थांब्याकडं चालायला लागला.